नवी बराक की जामिनाचे पैसे?

नमस्कार श्रोतेहो. तुरुंग भरले की पहिली मागणी होते ती नव्या तुरुंगाची. पण आत कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशात 5 लाख 73 हजार 220 बंदी होते. त्यांतले 4 लाख 34 हजार 302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. यांतल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो, तरी ते आतच असतात.

अडतं ते जामीनदारावर. त्याच्याकडे रेशनकार्ड, पगारपत्रक किंवा सातबारा मागतात, कधी तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखलाही. पनवेलच्या बांधकामावर बिहारहून आलेल्या गवंड्यासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको आणि महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा.

त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. तेव्हाच्या नियमांनुसार दहा दिवसांत आर्थिक स्थितीची चौकशी व्हायची आणि प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जायचं. योजना आली तेव्हा मर्यादा ठरली होती 40 हजार रुपये, न्यायालयात मुदत ठेव म्हणून भरायचे. शिक्षा झालेला कैदी दंड भरता न आल्याने आत असेल, तर त्या दंडासाठी 25 हजार. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराचे गुन्हे यातून वगळलेले.

कागदावर ठीक. प्रत्यक्षात एका गुन्ह्यात जामीन असतो, दुसऱ्यात नसतो. पैसे भरूनही माणूस आतच. किंवा बाहेर आला, पण पुढची तारीख त्याला कळलीच नाही. मग वॉरंट निघतं, ठेवही धोक्यात येते आणि पुढच्या वेळी जामीन अवघड होतो. म्हणून ठेवीबरोबर माणूस लागतो: तारीख कळवणारा, गावचं तिकीट काढून देणारा, आधारकार्ड पोलिसांच्या मुद्देमालात अडकलं असेल तर ते सोडवणारा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून मुंबईत अशाच माणसांसोबत काम करतो आहे. हे काम देणग्यांवर आणि प्रकल्पांच्या मुदतीवर सोडणं आम्हाला पटत नाही. समाजसेवकांचे पगार तुरुंगांच्याच अंदाजपत्रकात हवेत.

इथे हिशेबात एक गफलत नेहमी होते. दरडोई खर्च काढून ‘एक कैदी सुटला, एवढे वाचले’ असं म्हणतात. तसं नसतं. एक माणूस सुटला तर वाचतं त्याचं जेवण, साबण, औषध. शिपायांचे पगार, वीज, गाड्या तशाच राहतात. मोठी रक्कम वाचते ती नवी बराक बांधावी लागली नाही तरच. तिच्याबरोबर तीन पाळ्यांतले कर्मचारीही वर्षानुवर्षे पोसावे लागत नाहीत. म्हणून बांधकामाचा प्रस्ताव आला की आधी विचारावं: जामीन होऊनही इथे किती जण अडकलेत, आणि प्रत्येकाचं नेमकं कशावरून?

आपलं कुणी असं अडकलं असेल, तर आठव्या दिवशी न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत जामीन आदेशाची प्रत, गुन्हा क्रमांक आणि तुरुंगाचं नाव. अर्जाची पोच घ्या. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक 15100, शुल्क नाही.