मोठ्या शिकारीचे काडतूस: आधी गोळी, मग खांदा, शेवटी आकडे

मित्रहो, मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी तुमचे आवडते काडतूस कोणते, असे विचारले की बहुतेक नेमबाज वेग आणि ऊर्जा यांचे आकडे सांगू लागतात. मी आज उलट्या क्रमाने जाणार आहे. काडतूस निवडताना आधी गोळीची बांधणी पाहावी, मग ती उडवणाऱ्याचा खांदा पाहावा आणि आकड्यांचा तक्ता सर्वांत शेवटी उघडावा, असे माझे ठाम मत आहे. कारण जनावर लवकर आणि कमीत कमी वेदनेने मरायचे असेल तर गोळी हृदय, फुप्फुसे किंवा मेंदूपर्यंत पोहोचलीच पाहिजे, आणि तिथवर जाताना तिला जाड कातडी, स्नायू आणि पुष्कळदा हाडही भेदावे लागते.

ऊर्जेचे गणित फसवे असते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी तक्त्यावर नेहमीच उठून दिसते. तीच मऊ शिशाची गोळी जवळच्या अंतरावरून खांद्याच्या हाडावर आदळली, तर फुलण्याऐवजी तिचे तुकडे होतात. वर मोठी जखम दिसते आणि आतले अवयव शाबूत राहतात. १९४६ साली कॅनडात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीत अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर यांना हाच अनुभव आला आणि त्यातून त्यांनी ‘पार्टिशन’ गोळी घडवली. ही गोळी उभी मधोमध चिरून पाहण्यासारखी आहे. तांब्याच्या मिश्रधातूच्या वेष्टणात मध्यभागी त्याच धातूची आडवी भिंत आहे. भिंतीच्या पुढचे शिसे फुलते, पसरते, काही झडूनही जाते, पण मागचे शिसे भिंतीआड सुरक्षित राहते आणि तो मागचा भाग खोलवर घुसत जातो. आज संपूर्ण तांब्याच्या आणि शिसे वेष्टणाला सांधलेल्या गोळ्याही मिळतात. माझ्या दृष्टीने गेल्या शंभर वर्षांत नव्या काडतुसांपेक्षा या गोळ्यांनी शिकार अधिक बदलली.

बांधणीच्या जोडीला वजन येते, तेही जाडीच्या मानाने. अरुंद पण लांब आणि जड गोळी खोल जाते. स्वीडनच्या शिकार नियमांत हे तत्त्व स्पष्ट दिसते: मूससारख्या मोठ्या जनावरासाठी नऊ ते दहा ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर किमान २,७०० ज्यूल ऊर्जा लागते, तर दहा ग्रॅम किंवा त्याहून जड गोळीला २,००० ज्यूल पुरतात. म्हणूनच १८९४ सालचे ६.५×५५ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे सौम्य काडतूस, १५६ ग्रेनच्या म्हणजे सुमारे दहा ग्रॅमच्या गोळीसह, तिथे पिढ्यान् पिढ्या मूससाठी वापरले गेले.

१८९२ सालच्या ७×५७ माउझरचीही कथा तशीच आहे. ब्रिटनमध्ये ते .२७५ रिग्बी या नावाने विकले गेले आणि जिम कॉर्बेट यांच्याकडेही त्याची रायफल होती. प्रसिद्ध हत्ती-शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत याच काडतुसाच्या १७३ ग्रेनच्या, न फुलणाऱ्या पूर्ण वेष्टित गोळीने शेकडो हत्ती मारले. मात्र यावरून लहान काडतूस हत्तीला पुरते असा निष्कर्ष काढणे घातक आहे. बेल यांनी हत्तीची कवटी कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती आणि त्यांचा हात विलक्षण स्थिर होता. तो अभ्यास आणि तो हात काडतुसाबरोबर विकत मिळत नाही.

आता नेमबाजाच्या खांद्याकडे येतो. साधारण सारख्या वजनाच्या रायफलीत .३०-०६ या मध्यम काडतुसाच्या तुलनेत .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम या मोठ्या काडतुसाचा धक्का जवळजवळ दुप्पट असतो. धक्क्याची धास्ती घेतलेला नेमबाज बार होण्याआधीच डोळे मिटतो आणि चाप हळूच दाबण्याऐवजी हिसकतो. हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे: सरावाच्या मैदानावर जोडीदाराने भरलेल्या काडतुसांत, तुम्हाला न कळू देता, एक सरावाचे पोकळ काडतूस मिसळावे. त्यावर चाप ओढला आणि बार झाला नाही, तरी नळीचे टोक खाली डुचकले, तर ते काडतूस तूर्त तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे. फुप्फुसात नीट बसलेली मध्यम गोळी पोटात लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा कितीतरी दयाळू असते.

हे सगळे मान्य करूनही माझे आवडते काडतूस १९१२ सालचे .३७५ एच अँड एच हेच आहे. त्याची पुंगळी सुमारे ७२ मिलिमीटर लांब, निमुळती आणि अगदी उतरत्या खांद्याची (पुंगळी जिथे गोळीकडे अरुंद होते तो भाग) आहे. या उतारामुळे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या खोबणीत, न अडखळता सरकते आणि बार झाल्यावर पुंगळी सहज बाहेर येते, आणि समोर आफ्रिकी रानरेडा उभा असताना याचे मोल तक्त्यातल्या कोणत्याही आकड्याहून जास्त असते. असा खांदा चेंबरमध्ये नीट टेकत नाही, म्हणून बुडाशी एक कडे दिलेले आहे, ज्यावर काडतूस अचूक जागी थांबते. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी कायद्याने मान्य असलेले हे किमान कॅलिबर (नळीचा व्यास) आहे. शिवाय मध्यम वेगाच्या या जड गोळीने हरणवर्गीय जनावराचे मांसही फारसे नासत नाही. लांबीमुळे त्याला लांब यंत्रणेची आणि काहीशा वजनदार रायफलीची गरज पडते, हा तोटा मी मोकळेपणाने सांगतो.

ज्यांना रानरेडा किंवा हत्ती यांच्यासमोर कधीच उभे राहायचे नाही, त्यांनी मात्र .३७५ च्या मोहात पडू नये. त्यांना १९०६ सालचे .३०-०६ पुरते, त्यात १५० ते २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात आणि मूसपर्यंतची जनावरे १८० ग्रेनच्या चांगल्या बांधणीच्या गोळीने व्यवस्थित मरतात. काडतूस ठरले की तीन-चार प्रकारच्या गोळ्या आपल्याच रायफलीतून झाडून पाहाव्यात, कारण एकाच कॅलिबरच्या दोन रायफली एकाच गोळीने सारखा नेम साधतीलच असे नाही. आणि जी गोळी घट्ट पुंजका देईल, म्हणजे जिची लक्ष्यावरची छिद्रे जवळजवळ पडतील, तिच्यावरच दुर्बिणीचा शून्यबिंदू बसवावा, म्हणजे नेम आणि छिद्र एका जागी जुळवावे.