एका शर्टात दोघे

(दृश्य : तालमीची खोली. कट्टा, शेगडी, तवा. दोन नट, दोघांच्या कमरेला मिळून एकच पट्टा.)

चार हात आणि एक तवा. डावीकडचा पाव भाजतोय, उजवीकडचा कांदा चिरतोय. बाहेरचे दोन हात लगेच दिसतात. आता मधले दोन शोधा. एक हात जोडीदाराच्या पाठीमागून गेलाय, कारण पुढून आणला की तो सुरीच्या वाटेत येतो. दुसरा कट्ट्याच्या कडेला टेकलाय, तोल सांभाळायला.

'स्टक ऑन यू' हा अमेरिकन चित्रपट डिसेंबर २००३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीच्या भागात असाच एक कट्टा आहे. मार्थाज व्हिनयार्ड या मॅसॅच्युसेट्समधल्या बेटावर बॉब आणि वॉल्ट टेनर या जोडजुळ्या, म्हणजे जन्मतः शरीराने जोडलेल्या, भावांचं बर्गरचं हॉटेल आहे. ऑर्डर तीन मिनिटांत टेबलावर आली नाही, तर पैसे नाहीत. घड्याळ सुरू होतं आणि दोघं कामाला लागतात. प्रेक्षक हसतो तो त्यांच्या सफाईला. पीटर आणि बॉबी फॅरेली हे दिग्दर्शकही सख्खे भाऊ, आणि या एका प्रसंगात त्यांनी अख्ख्या चित्रपटाचा सूर लावून दिलाय : हे दोघं बिचारे नाहीत, हे दोघं तरबेज आहेत.

ही तरबेजी पडद्यावर कशी येते, ते आपण इथे बघणार आहोत. या खोलीतलं सामान त्या चित्रपटातलं नाही, पद्धत उलगडून दाखवण्यासाठी मांडलेलं आहे.

(दृश्य : शिंप्याचं टेबल. पसरलेलं कापड, खडूच्या खुणा.)

आधी शर्ट. कारण चित्रपटभर या दोघांना आपण बहुतेक वेळ कपड्यांतच बघतो, आणि जोड खरा वाटायचा तर आधी कापडाने तो पटवून द्यावा लागतो. दोन तयार शर्ट आणून मधल्या बाजू शिवून टाकल्या, तर काय होतं ते समोर दिसतंय. एकाने हात वर केला की दुसऱ्याची कॉलर खेचली जाते. कापडाला तिरक्या सुरकुत्या पडतात, आणि नजर थेट शिवणीवर जाते.

म्हणून माप दोघं जोडून उभे असतानाच घ्यायचं. दोन्ही छात्या, मधलं अंतर आणि मधल्या दोन बाह्यांचा फिरण्याचा घेर. मधल्या काखांमध्ये चौकोनी तुकडा घालायचा, हाताला ढील मिळावी म्हणून. या नमुन्यात तो तुकडा चार इंचांचा आहे. आणि हा शर्ट डोक्यावरून घालता येत नाही. समोरची बटणं फक्त दिसण्यापुरती. खरी उघड पाठीमागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, वेल्क्रोची. घाईत एका नटाला बाहेर काढायचं झालं तर दहा सेकंदांत काढता आलं पाहिजे. पट्टा आतून, बनियनवर बांधायचा. तो उघड्या अंगावर बांधला तर दुपारपर्यंत कमरेला वळ उठतात आणि नट नकळत एका बाजूला कलायला लागतो. एकेका पोशाखाच्या किमान तीन प्रती हव्यात. एकावर सॉस सांडणार, दुसरा धुवायला जाणार, तिसरा अंगावर.

(दृश्य : नटाच्या कुशीवर गुलाबी लगदा थापला जातोय.)

आता उघडं अंग. शर्ट काढला की दोन शरीरांमधला मांसल जोड दिसायला हवा. 'स्टक ऑन यू'साठी हे काम टोनी गार्डनर यांच्या चमूने केलं.

कुशीवर थापला जातोय तो अल्जिनेट. दातांचा साचा घ्यायला दंतवैद्य हीच पूड वापरतात. ती पाण्यात कालवली की सहा-सात मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. पाणी कोमट घेतलं तर थापून व्हायच्या आतच आळते, म्हणून इथे गार पाणी आहे. अंगावरच्या लवेला आधी व्हॅसलिन, नाहीतर साच्याबरोबर केसही निघतात. अल्जिनेटवर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांचे तीन-चार थर. ते कडक झाले की सगळं कवच एकसंध उचलायचं आणि लगेच आत प्लास्टर ओतायचं. लगेच म्हणजे लगेच. अल्जिनेट वाळायला लागलं की आक्रसतं, आणि साचा नटाच्या अंगापेक्षा लहान निघतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या उभं राहण्यात. साचा घेताना नट हात वर करून, छाती काढून उभा राहतो. हात वर गेला की बरगड्यांवरची कातडी ताणून वर सरकते. त्या मापाचा तुकडा चित्रीकरणात, हात खाली असताना, खालून फुगतो आणि कड सुटते. म्हणून चित्रपटात दोघं जसे उभे राहणार, हात जसे ठेवणार, अगदी तसंच उभं करून दोघांचे साचे एकाच बैठकीत घ्यायचे.

(दृश्य : अगदी जवळून. मातीच्या जोडावर ब्रशने उमटवलेली कातडीची छिद्रं.)

दोन्ही प्लास्टर शेजारी ठेवून मधला जोड मातीत घडवायचा. मग त्यावरून साचा घ्यायचा, माती काढायची आणि तिच्या जागी सिलिकॉन ओतायचं, ते आळून कातडीसारखं मऊ होतं. ही तेलाची माती आहे, वाळत नाही, पण विकत घेताना डबा नीट वाचावा लागतो. काही मातींत गंधक असतं. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने आळणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की आळतच नाही. वरून घट्ट दिसतं, साचा उघडला की कडेला चिकट मधासारखा थर. लेटेक्सच्या रबरी हातमोज्यांनीही हेच होतं. या कार्यशाळेत रबरी मोजे दाराबाहेर ठेवायचे, आत फक्त नायट्राइल या कृत्रिम पदार्थाचे.

सिलिकॉनचे दोन भाग, समसमान. इथे प्रत्येकी २५० ग्रॅम. त्यात २५० ग्रॅम मऊपणा आणणारं तेल. तेल कमी पडलं तर तुकडा टायरच्या ट्यूबसारखा लागतो, जास्त झालं तर कडा हातात येतात. कातडीचा मूळ रंग वरून लावायचा नाही, आतच कालवायचा, शिवाय लोकरीचे बारीक तांबडे-निळे तंतू. कातडीखालच्या शिरा त्यातून दिसतात. मग भांडं निर्वात पेटीत. बघा, मिश्रण दुधासारखं उतू येतंय. ही आत अडकलेली हवा आहे. ती काढली नाही तर नेमक्या पातळ कडेवर बुडबुडा फुटतो, आणि ती कडच सगळं काही असते. मधे जोड चार बोटं जाड, कडेला मात्र सिगारेटच्या कागदाइतका पातळ. ही कड अंगावर चिकटवून ब्रशने दाबली, वर अल्कोहोलमधले रंग शिंपडले, की कुठे नट संपला आणि कुठे सिलिकॉन सुरू झालं ते जवळूनही कळत नाही.

(दृश्य : फरशीवर खडूने आखलेलं दार. दोन नट पुन्हा पट्ट्यात.)

शाळेतली तीन पायांची शर्यत आपल्यातल्या बहुतेकांनी धावलेली आहे. तिथे पाय बांधलेले असतात, म्हणून पहिलं पाऊल कुणाचं हा प्रश्न येत नाही. इथे पाय मोकळे आहेत आणि कंबर बांधलेली. पाठ फिरवायची झाली तर आतला जागच्या जागी वळतो आणि बाहेरचा त्याच्याभोवती फिरतो. दोघांच्या मध्यांत साठ सेंटिमीटर अंतर धरा. बाहेरच्याला जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटिमीटर चालावं लागतं, म्हणजे तीन-चार पावलं. आतला घाईत वळला की बाहेरचा फरपटतो. नवशिक्या जोड्या इथेच पडतात.

दारात दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत. एकाने पुढे, दुसऱ्याने तिरकं होऊन मागे. कोण पुढे, हे बोलून ठरवलं की पडद्यावर नाटकी दिसतं. ते कमरेच्या हलक्या धक्क्याने ठरायला हवं, आणि त्यासाठी तालीम. खुर्चीत बसताना दोघांनी एकत्र खाली जायचं, बसतानाचा आकडा मनात मोजायचा.

बॉब झालेला मॅट डेमन आणि वॉल्ट झालेला ग्रेग किनिअर हे सगळं करतात आणि ते कुठे जाणवत नाही. भावांचा आइस हॉकीचा प्रसंग आठवा : दोघं मिळून एकाच जाळीसमोर गोलरक्षक.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन चेहरे, एक समोरून, एक कडेने.)

आणि आता कॅमेरा. एरवी दोघांच्या संवादात आधी एकाचा चेहरा घेतात, मग दुसऱ्याचा, आणि विनोदाची वेळ संकलनात जमवतात. इथे ते होत नाही. एकाचा चेहरा जवळून घेतला तरी दुसऱ्याचा कान, खांदा, भुवई चौकटीत येतेच. म्हणजे ज्याला वाक्य नाही तोही सतत अभिनयात असतो. वॉल्टला नट व्हायचंय, बॉबला रंगमंचावर गेलं की दरदरून घाम फुटतो. वॉल्ट एकपात्री प्रयोग करतो तेव्हा शेजारी घाबरलेला बॉब असतोच. एकच शॉट, दोन चेहरे, आणि हसू दोघांमधल्या फरकातून येतं. ही कापाकापी न करता मिळालेली गंमत आमच्या मते या चित्रपटाची खरी कमाई आहे. पुढे हॉलिवूडमध्ये वॉल्टला गायिका-अभिनेत्री शेर हिच्याबरोबर मालिका मिळते. शेर इथे स्वतःचंच अतिरंजित रूप साकारते. मग बॉबला कॅमेऱ्यापासून लपवण्याची सगळी धडपड सुरू होते.

(दृश्य : जुनं कोरीव चित्र. शेजारी उभे दोन तरुण.)

हे चँग आणि एंग, खऱ्या आयुष्यातले जोडजुळे भाऊ. जन्म १८११, सयाम, म्हणजे आजचं थायलंड. 'सयामी जुळे' हा शब्द त्यांच्यामुळेच आला. १८२९ मध्ये ते अमेरिकेत आले, पुढे नॉर्थ कॅरोलायनात शेती केली, १८४३ मध्ये दोन बहिणींशी लग्नं केली, दोघांना मिळून एकवीस मुलं झाली. १८७४ च्या जानेवारीत काही तासांच्या अंतराने दोघं गेले. शवविच्छेदनात दिसलं की त्यांची यकृतं जोडाच्या आतून एकमेकांना जोडलेली होती. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात ती आजही आहेत, शेजारी त्यांच्या देहांचा प्लास्टरचा साचा. मघाशी कुशीवर घेतला, तसाच.

टेनर बंधूंचं गणितही यकृतावरच आहे. ते एकच आहे आणि बहुतांशी बॉबकडे. जोडजुळी एकाच बीजातून येतात, म्हणजे दोघं सारखेच दिसायला हवेत. पण किनिअरचा जन्म १९६३ चा, डेमनचा १९७० चा. चित्रपट हा फरक यकृताच्या वाटणीवर ढकलतो : वॉल्ट लवकर म्हातारा होतोय. वैद्यकात हे टिकत नाही, गोष्टीत छान बसतं. यकृत कापलं तरी काही आठवड्यांत पुन्हा वाढतं, म्हणून यकृताने जोडलेल्या बाळांना अनेकदा वेगळं करता येतं. मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयातही जोडजुळ्या बाळांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

चित्रपटात शेवटी शस्त्रक्रिया होते, भाऊ वेगळे होतात आणि दोघांनाही एकमेकांवाचून करमत नाही.

(दृश्य : तालमीची खोली, संध्याकाळ. वेल्क्रो सुटल्याचा आवाज.)

पट्टा निघाला. सिलिकॉनचा जोड तेलाने सोडवून पुन्हा साच्यावर ठेवलाय, आकार बिघडू नये म्हणून. डावीकडचा नट दप्तर उचलतो. उजवीकडचा दाराकडे निघतो. दार चांगलं रुंद आहे आणि तो एकटाच आहे. तरी बघा, उंबऱ्याशी आल्यावर त्याने अंग तिरकं केलं.