गाडीखाली झोपून पाहा

(तालुक्याच्या गावी, आयटीआयच्या शेडमध्ये मुलं आणि गाडीवाले यांच्यासमोर झालेलं व्याख्यान, बोलण्यातल्या पुनरुक्ती काढून.)

मघाशी ओळख करून देताना मला ‘एक्झॉस्टतज्ज्ञ’ म्हटलं. गावात मला सायलेन्सरवाला म्हणतात, तेच राहू द्या. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतच्या सगळ्या नळीला आपण सायलेन्सरच म्हणतो. मीही आज तसंच म्हणणार आहे.

माझ्याकडे येणारा पोरगा पहिलं वाक्य आवाजाबद्दल बोलतो. “भाऊ, गाडी नाल्यात असली तरी गावाले समजलं पाह्यजे!” मी त्याला विचारतो, गाडी जाते कुठं? पांदण रस्त्यानं शेतात, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पलीकडे, की तेंदूपत्ता गोळा करतात त्या फळीवर जंगलात? याचं उत्तर मिळालं की नळी कुठून न्यायची, हे अर्धं ठरलं. उरलेलं अर्धं गाडीखाली झोपल्यावर ठरतं. कानानं ठरवलेला सायलेन्सर पहिल्याच पावसाळ्यात चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर आपटतो.

आपल्या काळ्या मातीचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पावसात चाकं खोल जातात, मधला वरंबा वाढत जातो, आणि उन्हाळ्यात तोच वरंबा दगडासारखा कडक होतो. त्यावर पऱ्हाटीची खुंटं. गाडीखालची सगळ्यात खालची वस्तू कोणती, ते आधी शोधा. बहुतेक पिकअपमध्ये ती मागच्या एक्सलचा गोळा असते, आणि तो काही वर घेता येत नाही. नळी मात्र आपल्या हातात आहे. ती चेसिसच्या पट्टीच्या खाली लोंबू द्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

इथं जाड नळीचा मोह आड येतो. दोन इंची काढून अडीच इंची टाकली की आतल्या वाटेचं क्षेत्रफळ दीडपटीपेक्षा जास्त होतं, हिशेब बरोबर आहे. टर्बो डिझेलला नळीतला मागचा दाब, म्हणजे बॅकप्रेशर, कमी असलेला चालतो, हेही खरं. “थोडं बॅकप्रेशर पाह्यजेच” असं जे चहाच्या टपरीवर सांगतात, ते टर्बोच्या बाबतीत सोडून द्या. पण जाड नळी जागा मागते. एक्सलच्या वरून जाताना वर बॉडी, खाली एक्सल, आणि एक्सल तर उसळतो. रिकामी गाडी रॅम्पवर उभी करून मापं घेतली, मग चाळीस पोती सोयाबीन टाकलं आणि नळी एक्सलवर टेकली, असं मी स्वतःच्या कामात पाहिलंय. म्हणून मापं भरलेल्या गाडीवर घ्या. एका बाजूचं चाक जॅकनं पूर्ण वर दाबून, मग दुसऱ्या बाजूचं. वाकण कसं येणार ते कळायला सहा एमएमची सळई वाकवून आधी नमुना करा. सळई स्वस्त आहे, पाइप नाही.

वाकणाबद्दल एकच. नुसतं दाबून वाकवलेल्या पाइपची आतली बाजू चेपते आणि तिथली वाट अरुंद होते. आत साचा घालून वाकवलेले बेंड नागपुरात मिळतात. सगळी नळी अडीच इंची आणि एका वाकणात ती चेपून पावणेदोनची झाली, तर जाड पाइपाचे पैसे कशाला घातले?

आता माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीला चकचकीत ३०४ जातीच्या स्टेनलेसची नळी केली. नळी टांगायची झुलती रबरं जुनी झाली होती, म्हणून मी सरळ पट्ट्या वेल्ड करून ती चेसिसला पक्की बांधली. काही आठवड्यांत पुढच्या फ्लँजजवळ, म्हणजे जोडाच्या चकतीजवळ तडा. पुन्हा वेल्ड केला, पुन्हा तडा. दोष वेल्डिंगचा नव्हता. ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा बरंच जास्त वाढतं. दोन मीटरची नळी ३०० अंशांनी तापली की साधारण दहा मिलिमीटर लांब होते; साधं लोखंड सातेक मिलिमीटर. हे दहा मिलिमीटर कुठं तरी जाणारच. त्यात इंजिन आपल्या रबरांवर हलतं, चेसिस वेगळी पिळते. म्हणून पुढं इंजिनाजवळ जाळीचा लवचीक तुकडा हवा, मागं सगळी नळी रबरांवर झुलती हवी. पक्की बांधलेली नळी मजबूत दिसते, पण टिकत नाही.

धातू कोणता? खिशाला परवडेल तर ४०९ स्टेनलेस घ्या. दिसायला साधं, वरून थोडं तांबूस होतं, पण वाढतं कमी आणि किंमत ३०४ पेक्षा कमी. कंपनीच्या कित्येक गाड्यांत हेच असतं. गंज बाहेरून येतो असं आपण समजतो. खरा शत्रू आत आहे. लिटरभर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. लांबच्या प्रवासात ती वाफ बाहेर जाते. घरून शेत, शेतातून घर, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत आवाज दाबणारा डबा तापतच नाही आणि पाणी त्याच्या बुडाशी साचतं. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन एमएमचं भोक ठेवा. ३०४ लोखंडाला जोडायचं असेल तर वेल्डिंगला ३०९ ची सळी वापरा. आणि घरचा उरलेला पाण्याचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप कुणी आणला तर परत पाठवा. वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडीताप भरतो. वेल्डिंगचा आर्क लावण्याआधी बॅटरीचे वायर काढा, नाही तर गाडीचा कॉम्प्युटर जाईल.

कॉम्प्युटरवरून आठवलं. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांची डिझेल गाडी असेल, तर नळीच्या पुढच्या भागाला हात लावायचा नाही. तिथं काजळी अडवणारा फिल्टर आहे, तापमान आणि दाबाचे सेन्सर आहेत. हा फिल्टर मधूनमधून स्वतःची काजळी जाळतो, तेव्हा आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान जातं. तुमची कारागिरी त्याच्या मागून सुरू होते. तो कापून फेकणारे आहेत, मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नमुन्याशी न जुळणारा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे डबा ठेवायचा, धूर मूळचाच राहू द्यायचा आणि फक्त वाट सुधारायची. डिझेलच्या नळीपासून नियमानं किमान ३५ मिलिमीटर अंतर लागतं. मी तळहाताएवढं सोडतो आणि मध्ये पत्रा लावतो.

पत्रा खालच्या बाजूलाही लागतो, गवतासाठी. एप्रिल-मेमध्ये मळणीच्या जागेवर कुटार, म्हणजे भुसा पडलेला असतो, जंगलात कमरेएवढं वाळलेलं गवत. गाडी चढावरून दमून येते, ड्रायव्हर गवतातच उभी करून पाणी प्यायला जातो. गरम डब्याला कुटार चिकटलं की आधी वास येतो, मग धूर. खालचा पत्रा डब्यापासून बोटभर लांब ठेवा, दोन टोकं उघडी, म्हणजे कचरा अडकून बसणार नाही. फिल्टर काजळी जाळत असेल तेव्हा तर गवतात थांबायचंच नाही.

पाण्याची भीती मात्र थोडी जास्तच घेतली जाते. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर आली की कुणीच जात नाही, ती गोष्ट वेगळी. गुडघाभर नाल्यात इंजिन चालू आहे तोवर आतला दाब पाण्याला बाहेर ठेवतो. इंजिन बंद पडलं की नळी थंड होते, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. एक्सलवरून जाताना नळीला येणारा उंचवटा इथं कामी येतो. पाण्याला तो चढावा लागतो. इंजिन मरतं ते बहुधा एअर फिल्टरकडून पाणी गेल्यानं. आधी त्याचं तोंड किती उंच आहे ते पाहा. आणि मागचं टोक बॉडीच्या बाहेर काढा, मध्येच सोडू नका. नाही तर धूर मागं बसलेल्या मजुरांच्या तोंडावर जातो.

आताच एका भाऊंनी विचारलं, ट्रॅक्टरसारखी नळी केबिनच्या मागून वर नेली तर? पाण्याचा प्रश्न सुटतो, मान्य. वर झाकण लावा, पाऊस आत जाणार नाही. पण भाऊ, तुमची पिकअप दिवाळीनंतर जिनिंगवर कापूस नेते. केबिनला टेकून दाबून भरलेला कापूस, आणि त्याच्या अंगाशी तापलेली नळी. पावसाळ्यापुरती लावून दिवाळीला उतरवून ठेवणार असाल, तर उद्या या, माप घेतो.