येरवड्यात वाचलेलं 'गीतारहस्य'

मित्रहो, गांधीजींच्या अहिंसेचा पाया गीतेत आहे असं म्हटलं, की कुणीतरी विचारतंच, अहो, गीता तर रणांगणावर सांगितलेली! 'तस्माद्युध्यस्व भारत' म्हणणाऱ्या ग्रंथातून अहिंसा निघते कशी?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तो खुद्द लोकमान्यांनी घातला. 1920 च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकाला पत्र लिहिलं. राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. अक्रोधानं क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा मी श्रीकृष्णाच्या 'ये यथा मां प्रपद्यन्ते'चा, म्हणजे जो जसा वागेल त्याच्याशी तसं वागण्याचा, आधार घेईन, असं त्यांचं म्हणणं. 'शठं प्रति शाठ्यम्', लबाडाशी लबाडी, हा आपला रोखठोक बाणा. त्यावर गांधीजींनी एकच शब्द फिरवला: 'शठं प्रत्यपि सत्यम्', लबाडाशीही सत्यानंच.

कुरुक्षेत्र म्हणजे मनातलं युद्ध, हे गांधीजींचं उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो. मला ते अपुरं वाटतं. ग्रंथाला रूपक म्हटल्यानं पुढारी बदलत नाही. बदल झाला तो पाठांतरानं. दक्षिण आफ्रिकेत असताना सकाळी दात घासायला पंधरा मिनिटं आणि अंघोळीला वीस मिनिटं लागायची, म्हणून त्यांनी समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या डकवल्या. रोज थोडे नवे, जुन्यांची उजळणी. असे तेरा अध्याय तोंडपाठ केले. 'अपरिग्रह', म्हणजे साठवून न ठेवणं, हा शब्द तर असा लागला, की काढलेली विम्याची पॉलिसी त्यांनी सोडून दिली. चांगला चालता वकील, पाठीशी बायकामुलं, आणि हा माणूस एका शब्दाखातर हप्ते थांबवतो! ग्रंथ अंगात भिनणं म्हणतात ते हे.

आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला दुसऱ्या अध्यायातले शेवटचे एकोणीस श्लोक म्हणत, स्थितप्रज्ञाचे. 'क्रोधाद्भवति संमोहः' त्यातलाच. क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश, आणि मग सर्वनाश. जमाव कसा बिथरतो, याचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

1922 चा फेब्रुवारी आठवा. बार्डोलीचा सत्याग्रह तोंडावर आला होता, व्हाइसरॉयला पत्र गेलं होतं. तेवढ्यात चौरीचौराची बातमी आली. पोलिसांच्या गोळीबारात माणसं पडली होती, त्यावर जमावानं चौकी पेटवली आणि वीसहून जास्त पोलिसांचा जीव गेला. गांधीजींनी असहकाराचं आंदोलन मागं घेतलं आणि पाच दिवस उपास केला. तुरुंगातले सहकारी संतापले, हाताशी आलेला विजय घालवला म्हणाले. त्यांचं दुःखही खरं होतं, मी ते हलकं करणार नाही. पण 'मा फलेषु' रोज म्हणणाऱ्याची कसोटी फळ समोर दिसत असतानाच लागते. पुढं 'अनासक्तियोग' या आपल्या गीतेच्या गुजराती अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं, की अहिंसा सिद्ध करायला गीता लिहिलेली नाही. मात्र चाळीस वर्षं ती आचरणात आणू पाहिल्यावर, पूर्ण अहिंसेवाचून पूर्ण फलत्याग होत नाही, असं त्यांना दिसलं. हे भाष्यकाराचं मत नाही, करून पाहिलेल्या माणसाचं आहे.

मार्चमध्ये अहमदाबादला गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला आणि तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्या नावाशेजारी आपलं नाव यावं हा मोठा बहुमान आहे, असं गांधीजी भर कोर्टात म्हणाले.

तिथून ते आपल्या येरवड्याला आले. लोकमान्यांनी पूर्वी त्यांना 'गीतारहस्य' हे आपलं गीतेवरचं भाष्य भेट दिलं होतं, मूळ मराठी आणि सोबत हिंदी-गुजराती अनुवाद. मराठी जड गेलं तर निदान गुजराती तरी वाचा, असंही सांगितलं होतं. बाहेर असताना ते राहून गेलं. लोकमान्यांना जाऊन तोवर दीड वर्ष उलटलं होतं. मंडालेच्या कोठडीत लिहिलेला तो ग्रंथ गांधीजींनी तुरुंगात उघडला आणि श्रद्धेनं शेवटपर्यंत वाचला.