चटईवरचं राज्य

मित्रहो, माया साम्राज्याची राजधानी कोणती, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात सगळ्यात आधी येतो. अशी राजधानी कधी नव्हतीच. आजचा ग्वाटेमाला, बेलीझ, मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि होंडुरासचा पश्चिम भाग एवढ्या मुलखात डझनावारी नगरराज्यं नांदत होती. इ.स. 250 ते 900 या काळात प्रत्येक मोठ्या नगराचा स्वतःचा ‘कुहुल आहाव’, म्हणजे पवित्र स्वामी, असे. 1960 मध्ये माया अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरातल्या शिळांवरच्या तारखा जुळवल्या आणि दाखवून दिलं, की तिथे राजांचे जन्म आणि राज्यारोहणं कोरलेली आहेत. त्याआधी या लेखांत केवळ पंचांग आणि देवधर्म आहे असंच मानलं जाई. माझ्या मते माया अभ्यासातला हा सर्वांत मोठा क्षण.

आता एक छोटा शब्द बघा. ‘आहाव’ म्हणजे स्वामी आणि ‘याहाव’ म्हणजे ‘त्याचा स्वामी’, म्हणजे त्याच्या हाताखालचा स्वामी. शिलालेखात एखादा राजा दुसऱ्याचा ‘याहाव’ म्हणवला गेला, की तो त्याचा मांडलिक आहे हे समजावं. कलाकमुल आणि तिकाल या दोन नगरांची बलाढ्य घराणी अशी माणसं जोडत आणि एकमेकांची तोडत. जिंकलेल्या नगरातलं राजघराणं बहुधा तसंच ठेवलं जाई, फक्त नव्या राजाला गादीवर बसवताना थोरल्या राजाची देखरेख असे. कुठे लग्नसंबंधही कामी येत. 682 मध्ये दोस पिलासची राजकन्या नारांहोला आली. तिचा मुलगा 693 मध्ये पाच वर्षांचा असताना गादीवर बसला. शिळांवर मात्र कैद्यांना पायाखाली घेऊन उभी आहे ती स्वतः. कारभार कुणाच्या हाती होता, हे त्या शिळाच सांगतात.

मला मुख्यतः सांगायचंय ते पश्चिम होंडुरासमधल्या कोपान या नगराबद्दल. तिथला तेरावा राजा वाशाकलाहून उबाह कविल 695 मध्ये गादीवर आला. त्याच्या शिळांचं कोरीवकाम इतकं खोल आहे, की दगड लाकडासारखा वाटतो. त्याच्या देखरेखीखाली किरिग्वाच्या राजाला 725 मध्ये राज्यपद मिळालं. किरिग्वा इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, जेडच्या व्यापाराच्या वाटेवर. त्याच मांडलिकाने 738 मध्ये आपल्या धन्याला पकडलं आणि त्याचा शिरच्छेद केला.

कोपानमध्ये पुढची कित्येक वर्षं राजशिळा उभी राहिली नाही. पण चौदाव्या राजाच्या काळात, 746 च्या सुमारास, एक इमारत बांधली गेली, आणि तिच्या भिंतींवर दगडात चटया विणल्या आहेत! माया भाषेत चटईला ‘पोप’ म्हणतात. राजा चटईवर बसे, सभाही चटईवर भरे, म्हणून सभागृह म्हणजे ‘पोपोल ना’, चटईचं घर. याच इमारतीवर बसलेल्या माणसांच्या मूर्ती आहेत, प्रत्येकीखाली चिन्ह. ही वेगवेगळ्या वस्त्यांच्या सरदारांची असावीत, असं इथलं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे आणि मला ते पटतं. राजा मारला गेल्यावर त्याच्या वारसाला या लोकांना सोबत बसवणं भाग पडलं असणार.

पुढे सोळाव्या राजाने 776 मध्ये एक चौकोनी वेदी घडवली. तिच्या चारही बाजूंना चार-चार राजे बसलेले आहेत. समोरच्या बाजूला घराण्याचा संस्थापक, 426 मध्ये आलेला यश कुक मो, राजचिन्ह पुढे करून सोळाव्याकडे देतो आहे. साडेतीनशे वर्षांची वंशावळ एका दगडात मावली.

त्याच्यानंतर उकित तोक नावाचा एक दावेदार पुढे आला. त्यानेही वेदी घडवायला घेतली, तिच्यावर 822 ची तारीख आहे. एक बाजू कोरून झाली, दुसरी जेमतेम सुरू झाली. उरलेल्या दोन बाजू आजही कोऱ्या आहेत.