बाबांना धागा दिसत होता

मंडळी, बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या माणसांना माग काय असतो ते मी सांगायला नको. माझे बाबा चाळीस वर्षं मागावर बसले. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, फणीतून टोक ओढून घ्यायचं आणि चिमटीत गाठ मारायची. साठी ओलांडल्यावरही ती गाठ ते चष्मा लावून एका दमात मारायचे. त्यामुळे बाबांचे डोळे उत्तम आहेत, असंच आम्ही धरून चाललो.

पण डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या सारखा लवंडायचा. आई चिडायची, ‘लक्ष कुठं असतंय ओ तुमचं?’ गल्लीत बाजूनं येणारी सायकल अंगावर येईपर्यंत त्यांना कळायची नाही. वय झालं, असं आम्ही म्हणायचो.

मग डोळे तपासायच्या एका शिबिरात नेलं. भिंतीवरचा तक्ता कानडी आणि इंग्रजी, बाबा मराठी चौथी शिकलेले. ‘वाचा’ म्हटल्यावर ते गप्प. माझी तक्रार कानडीबद्दल नाही. आपल्यातले कितीतरी जण घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतात. तक्रार आहे ती घाईबद्दल. अक्षर न येणाऱ्यांसाठी ‘ई’चा तक्ता असतो, दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते नुसतं बोटानं दाखवायचं. तो आणायचं कुणाला सुचलं नाही. जवळचा नंबर काढून कागद हातात दिला. डोळ्याचा दाब मोजला नाही, आत डोकावून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी काचबिंदू निघाला, म्हणजे बहुधा दाब वाढून डोळ्याची नस मरत जाण्याचा आजार. तोवर डाव्या डोळ्याची बहुतेक नजर गेली होती, उजव्याचीही कड झिजली होती. हा आजार बहुधा कडेकडून नजर खात येतो आणि समोरचा धागा बराच काळ दिसत राहतो. बहुतेकांना दुखतही नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. म्हणून बोलायचं कबूल केलेला विषय, डोळ्यात पाहून अंगातले आजार कसे कळतात तो, आता भराभर सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट दिसतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली आत पाहायचं उपकरण प्रसिद्ध केलं, तेव्हापासून डॉक्टरांना ही खिडकी मिळाली. साखरेनं, रक्तदाबानं केलेलं नुकसान तिथं दिसतं. मेंदूतला दाब वाढला तर डोळ्याच्या नसेचं टोक सुजलेलं दिसू शकतं. टाइप २ मधुमेह असेल तर निदान होताच पडदा तपासून घ्या आणि मग दरवर्षी, नजर स्वच्छ असली तरी. चाळिशीनंतर सगळ्यांनीच तपासा; आईवडील-भावंडांत काचबिंदू असेल तर त्याआधीच.

दवाखान्यात ‘नंबर काढा’ एवढंच म्हणू नका. ‘दाब मोजा, बाहुली मोठी करून पडदा बघा’ असं सांगा. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी स्वतः गाडी चालवत येऊ नका. बसनं या, सोबत घरचं कुणीतरी आणा.