दुपारी तीनचा बर्फ

दुपारचे तीन वाजलेत.

सकाळी याच उतारावर यंत्राने विंचरलेला बर्फ होता. कॉर्डरॉयच्या कापडावर असतात तशा बारीक, सरळ रेघा. त्या रेघांवर कुठलीही बरी स्की छान वाटते. आता बघा. शेकडो जण इथून खाली गेलेत. मऊ बर्फ बाजूला सरकून त्याचे ढिगारे झालेत, ढिगाऱ्यांच्या मधे खालचा निळसर, टणक थर उघडा पडलाय, आणि सावलीच्या कडेला दुपारी वितळलेलं पाणी पुन्हा गोठायला लागलंय.

या सगळ्यातून ती खाली येतेय, वेग जराही कमी न करता.

तिच्याकडे नको, तिच्या डाव्या स्कीच्या टोकाकडे बघा. टोक ढिगाऱ्यावर आपटतं, फडफडतं, क्षणभर बर्फापासून सुटतं. त्या क्षणी स्कीची कड बर्फ कापत नाही, नुसती घसरते. ती कंबरेतून तोल सावरते आणि पुढचं वळण घेते. पुन्हा तेच. वीस वर्षं स्की केलेल्या माणसाचं शरीर हे इतक्या सराईतपणे करतं की बघणाऱ्याला कळतही नाही. पण मांड्यांना कळतं. दिवसाच्या शेवटी पाय भरून येतात ते या सावरण्यामुळे.

तिला नवी स्की हवी आहे. एकच जोडी, सगळ्या डोंगरासाठी. टणक उतार, बर्फाचे उंचवटे, झाडांमधला मऊ बर्फ, आणि हा दुपारचा विस्कटलेला बर्फ. दुकानात या प्रकाराला ऑल-माउंटन म्हणतात.

दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंबर किती रुंद? कंबर म्हणजे बुटाखालची, स्कीची सर्वांत अरुंद जागा. निव्वळ टणक उतारावर कार्व्हिंग करायची, म्हणजे कडेने बर्फ कापत वळायची, स्की तिथे ६५ ते ८० मिलिमीटर असते. खोल पावडरची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाची, स्की ११०च्या पुढे जाते. ऑल-माउंटन यांच्या मधली, साधारण ८५ ते १०५.

आता बूट हातात घेऊन उलटा करा. नेहमीच्या अल्पाइन बुटाचा तळवा पुढच्या टोकाशी ६९ मिलिमीटर रुंद असतो. स्की १०० मिलिमीटरची असेल, तर तिची पोलादी कड बुटाच्या पंधरा मिलिमीटर बाहेर पडते. टणक बर्फावर स्की आडवी करून त्या कडेवर उभं राहायचं म्हणजे तेवढ्या अंतराची तरफ घोट्याने आणि गुडघ्याने पेलायची. मऊ बर्फात हीच रुंदी तुम्हाला वर तरंगत ठेवते. म्हणून रुंदीचा हिशोब स्वप्नातल्या पावडरच्या दिवसावर करू नये. तुमच्या हंगामातले बहुतेक दिवस कुठल्या बर्फावर जातात, त्यावर करावा. तिच्यासाठी मी ९५च्या आसपास थांबेन. फोल्कलची मँट्रा, ब्लिझार्डची बोनाफाइड, नॉर्डिकाची एन्फोर्सर या वेगाने जाणाऱ्यांच्या आवडत्या स्की वर्षानुवर्षं याच पट्ट्यात घुटमळताहेत, आणि तिघींच्याही पोटात धातू आहे.

त्या धातूपाशी आपण जरा थांबू. माझ्या मते जोरात जाणाऱ्याची स्की रुंदीवर कमी आणि पोटातल्या धातूवर जास्त ठरते.

१९४७ साली हॉवर्ड हेड नावाचा एक विमान अभियंता अमेरिकेतल्या स्टो इथे स्की करायला गेला. तेव्हाच्या स्की लाकडी, लांबलचक, हट्टी. विमानासाठी धातूचे थर चिकटवणाऱ्या माणसाला वाटलं, हे इथेही जमेल. त्याच्या पहिल्या जोड्या मोडल्या. पुढच्याही मोडल्या. तो नव्या बनवत राहिला. १९५०पर्यंत लाकडी गाभा, वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि कडेला पोलाद अशी टिकणारी स्की उभी राहिली.

आजच्या ऑल-माउंटन स्कीत जो पत्रा असतो, त्याला टायटॅनल म्हणतात. नावामुळे बरेच जण त्याला टायटॅनियम समजतात. तो अ‍ॅल्युमिनियमचाच मिश्रधातू आहे. जस्त, मॅग्नेशियम, तांबं घातलेला. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हा पत्रा दोन कामं करतो. एक, स्कीला पीळ पडू देत नाही. ओला टॉवेल पिळताना त्याची दोन टोकं उलट्या दिशांना फिरतात, तसंच टणक बर्फावर कड दाबली की स्कीचं टोक फिरायला बघतं, आणि टोक फिरलं की पकड गेली. दोन, तो थरथर गिळतो. ढिगाऱ्याचा धक्का टोकाला बसतो, पण बुटापर्यंत येईतो विझतो. यात वजनाचाही वाटा आहे. एका पायातली स्की दोन किलोच्या आसपास असेल, तर ढिगारा तिला सहज वाटेवरून हटवू शकत नाही. दीड किलोची स्की चढायला सोपी, उंचवट्यांवर चपळ, पण दुपारी तीन वाजता ती मघाचं टोक बनते. फडफडणारं.

मग सर्वांत जड, सर्वांत ताठ स्की घ्यायची का? नाही. ताठ स्कीला वाकवायला वेग लागतो, आणि वजनही. स्की वाकली तरच वळते. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाने नव्वद किलोवाल्याची आवडती स्की घेतली, तर ती फळीसारखी सरळच पळणार. इथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. आपण नेहमी किती वेगाने जातो? एखाद्या उतारावर, एखाद्या दिवशी नव्हे. नेहमी.

आता हे जवळून बघा. तिने दोन्ही स्की तळाला तळ लावून धरल्यात. मधे, बुटाच्या जागी, बोटभर फट दिसतेय. हा कॅम्बर. उभं राहिलं की ही कमान दबते आणि वजन टोकांकडे पोचवते. टणक बर्फावरची पकड इथून येते. ती मुठीत फट दाबते. फट मिटते, आणि पुढे टोकांकडे दोन्ही स्की एकमेकींपासून हळूहळू दूर होतात. तो रॉकर.

रॉकरला आजचं रूप आलं ते शेन मॅकॉन्की या स्कीपटूमुळे. १९९६ साली अर्जेंटिनात त्याने एका कागदी नॅपकिनवर उलट्या कमानीची स्की काढली. खोल बर्फात स्की पाण्यावरच्या स्कीसारखी तरंगायला हवी, ही त्याची कल्पना. काही वर्षांनी व्होलांट कंपनीने ती ‘स्पॅच्युला’ नावाने बनवली. तेव्हा ती विचित्र वाटली. आज जवळपास प्रत्येक ऑल-माउंटन स्कीच्या टोकाला त्या नॅपकिनचा थोडा अंश आहे.

तिला तो थोडाच हवा. पुढचं टोक ढिगाऱ्यावर चढण्याइतकं उचललेलं, पायाखाली पक्का कॅम्बर, मागचं टोक जवळजवळ सपाट. मागचं टोक फार उचललेलं असलं की वेगात वळण संपवताना आधाराला काही उरत नाही.

त्रिज्येबद्दल, म्हणजे स्की स्वतःहून किती मोठं वळण घेते त्याबद्दल, थोडक्यात. १९९३ साली एलान कंपनीने एससीएक्स ही खोल कंबरेची, म्हणजे टोकांपेक्षा मधे बरीच अरुंद, स्की आणली आणि कार्व्हिंग सगळ्यांच्या आवाक्यात आलं. पण खोल कंबर म्हणजे छोटं वळण. बारा-तेरा मीटर त्रिज्येची स्की वेगात स्वतःच आत ओढू लागते. सतरा ते वीस मीटरची तुम्ही सांगाल तेव्हा वळते.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. किती जोर आला की तो बूट सोडेल, हे डीआयएन आकडा सांगतो. बाइंडिंग निवडताना आपला आकडा त्याच्या पट्टीच्या मधे पडेल असं बघा. हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तंत्रज्ञ काढतो. जोरात जातो म्हणून तो स्वतःच्या हाताने वाढवू नका. पडल्यावर स्की सुटली नाही, तर गुडघा जातो.

उरली लांबी. तिची उंची १७२ सेंटिमीटर. समोर एकच स्की दोन लांब्यांत आहे: १७० आणि १७७. रॉकरमुळे टणक बर्फावर टेकणारी कड लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे तिच्यासारखीने डोक्याच्या वर जायला घाबरू नये. पण हे कागदावर ठरत नाही.

म्हणून तिने चाचणी सकाळी घेतली नाही. सकाळच्या रेघांवर दोन्ही चांगल्याच वाटल्या असत्या. बाहेर पडण्याआधी तिने प्रत्येक स्कीच्या कडेवर अंगठ्याचं नख आडवं ओढलं. पांढरा भुगा निघाला. कडेला धार आहे. भाड्याच्या स्कीची धार गेलेली असली, तर चांगल्या स्कीबद्दलही चुकीचं मत घेऊन माणूस परततो.

पहिली खेप १७०वर. टोक आता फडफडत नाही. ढिगारा आला, धक्का बसला, विझला. पण सर्वांत वेगवान वळणाच्या शेवटी, निळसर थरावर, मागचं टोक बाजूला निसटलं. एकदा, मग त्याच जागी दुसऱ्यांदा.

साडेतीन. लिफ्ट चारला बंद होते. तिने काठीचं टोक दाबून टाच सोडवली, १७० बर्फात उभी रोवली आणि १७७ पायात घातली.